जिंदाबाइनच्या तळावरील शेगडी

ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स राज्यांत जिंदाबाइन हें गांव विस्तीर्ण जलाशयाच्या कांठीं आहे. धरण १९६७ सालीं पुरें झालें. जुनें गांव पाण्याखालीं गेलें. चिरंजीवांच्या मोटारीमागें ओढावयाच्या तंबूगाडीसह येथें मुक्काम करावयाचा होता. प्रश्न शेगडीचा.

ब्यूटेनच्या डब्यावरील शेगडी सुटसुटीत, म्हणून सूनबाईंचें मन तिजवरच. परंतु ब्यूटेन शून्य अंशाच्या सुमारास द्रवरूपच राहतो, त्याची वाफ होत नाहीं. प्रोपेनची उणे ४० अंशांतही होते. येथील हिवाळी पहाटे पाणी गोठतें! तेव्हां प्रोपेनचें सिलिंडर आणि वाऱ्यास आडोसा असलेली दोन बर्नरची शेगडी घ्यावी, असा आम्हीं आग्रह धरिला. आडोशांत भाकरीचा तवा मावतो कीं नाहीं, हें मात्र दुकानांतच ठेवून पाहावें. दुकानदार हंसला तर हंसो.

"मामंजी, रात्रीं ऊब येण्यास ती तंबूंत ठेवूं का?" सूनबाईंनीं विचारिलें. आम्हीं निक्षून नको म्हटलें. कोंडलेल्या जागीं जळणाऱ्या शेगडींतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्यास वास नाहीं, निजलेलें लेंकरूं जागें होत नाहीं. गळलेला गॅसही हवेहून जड, अंथरुणापाशींच सांचतो.

नातवाचें दूध पहाटे बाहेरच तापलें, सूनबाईंनीं शाल गुंडाळून.