प्रश्न ताजा आहे तोवर

नर्सला पीएच.डी. कशाला हवी, हे मला नातेवाइकांनी विचारलं, डॉक्टरांनी विचारलं आणि सर्वांत जास्त वेळा नर्सेसनीच विचारलं. मुंबईत बी.एस्सी. नर्सिंग करून मी अमेरिकेत आले आणि आता इथल्या विद्यापीठात पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना शिकवते. त्यांतले काही जण मास्टर्स न करता, पदवीनंतर थेट आलेले असतात. नर्सिंगमध्ये ही वाट अधिक रुळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आधी ‘कशाला’चं उत्तर देते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला बेडसोर होतात. ते कोणाला होतील, हे आधी ओळखता येईल का? बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या नर्स-संशोधकांनी १९८०च्या दशकात त्यासाठी सहा बाबींची मोजणी बसवली: स्पर्शाची जाण, त्वचेचा ओलेपणा, हिंडणं-फिरणं, कूस बदलण्याची ताकद, आहार आणि चादरीशी होणारं घर्षण. गुणांची बेरीज ६ ते २३ यांमध्ये येते. जितकी कमी, तितका धोका जास्त. आज देशोदेशीच्या वॉर्डांत ब्रेडन स्केल वापरतात. असे प्रश्न रात्रभर रुग्णाची कूस बदलणाऱ्याला पडतात. पण ते तडीला न्यायचे तर रुग्ण कसे निवडायचे, मोजमाप किती भरवशाचं, आकड्यांतून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, हे शिकावं लागतं. पीएच.डी.त तेच शिकतात.

आमच्या पेशातली रूढ वाट लांबची. पदवी, काही वर्षं वॉर्ड, मास्टर्स, शिकवण्याची नोकरी आणि मग घरच्या जबाबदाऱ्यांतून जमलं तर पीएच.डी. तोवर अनेकींची चाळिशी उलटते. संशोधन मात्र एका प्रबंधात संपत नाही. निरीक्षण, मोजमाप, उपाय, त्याची चाचणी आणि मग तो वॉर्डात रुजवणं, यांतला प्रत्येक टप्पा वर्षं घेतो. थेट पीएच.डी. साधारण चार-पाच वर्षांत होते, मास्टर्सच्या पातळीचे आवश्यक विषय त्यातच शिकवतात, आणि पुढे अख्खी कारकीर्द हाताशी राहते. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेत १९८६मध्ये नर्सिंग संशोधनाचं केंद्र निघालं. १९९३मध्ये त्याला स्वतंत्र इन्स्टिट्यूटचा दर्जा मिळाला. त्यामुळे नर्सच्या प्रश्नाला हक्काचा निधी मिळू लागला.

‘अनुभव नसताना संशोधन कसलं?’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, पीएच.डी. चालू असताना वॉर्ड सोडू नका, शनिवार-रविवारची ड्यूटी तरी करा. पण अनुभवाची दुसरी बाजूही असते. काही वर्षांत ‘इथे असंच करतात’ हे अंगवळणी पडतं आणि नव्या मुलीला खटकणारी गोष्ट जुन्या सिस्टरला दिसेनाशी होते. खटकतंय तोवरच ते तपासायची विद्या मिळावी.

पीएच.डी. संशोधनाची, तर डी.एन.पी. (डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस) ही दुसरी डॉक्टरेट प्रत्यक्ष रुग्णसेवेची. अमेरिकेतल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने २००४मध्ये ठरवलं की, नर्स प्रॅक्टिशनरसारख्या वरच्या जबाबदाऱ्यांचं शिक्षण २०१५पर्यंत या पदवीवर न्यावं. ते सर्वत्र झालं नाही. पण भूल देणाऱ्या नर्ससाठी २०२२पासून नवा प्रवेश डॉक्टरेटलाच मिळतो. पदवीनंतर भरपूर प्रात्यक्षिक हवं, अशी डी.एन.पी.ची अपेक्षा आहे. इथे मात्र माझा सल्ला उलटा असतो: आधी दोन-तीन वर्षं वॉर्डात काढा. रुग्ण तपासून औषध लिहिणाऱ्याच्या निर्णयाचा परिणाम त्याच दिवशी रुग्णाच्या शरीरावर होतो. बिघडती प्रकृती ओळखणारी नजर पुस्तकातून येत नाही.

भारतात यूजीसीच्या २०२२च्या नियमांनी चार वर्षांच्या पदवीनंतर ७५ टक्के गुणांवर पीएच.डी.चं दार उघडलं. नर्सिंगमध्ये मात्र एम.एस्सी.ची पायरी कायम आहे. ती बदलेपर्यंत थांबायचं कारण नाही. बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प असतोच. प्रश्नावली वाटून तो उरकू नये. शिक्षकांनी विद्यार्थिनींना वॉर्डात त्यांना खटकलेली एकच गोष्ट निवडायला सांगावी आणि ती नीट मोजायला शिकवावं. संशोधक घडायला तिथूनच सुरुवात होते, आणि त्यासाठी कोणत्याही नियमाची वाट पाहावी लागत नाही.