आडनाव कुठे गेलं?

पाचगणीत कॉम्प्युटर क्लास चालवायचो तेव्हा टर्बो सीच्या निळ्या पडद्यावरचा माझा पहिला धडा ठरलेला असे: नाव विचारा, वाचा, पुढे ‘नमस्कार’ लावून परत छापा. मुलं खूश, मीही. त्याच भरवशावर भिलारच्या एका स्ट्रॉबेरीवाल्याला पावत्यांचा प्रोग्रॅम करून दिला.

पहिल्याच पावतीवर गिऱ्हाइकाचं आडनाव गायब आणि वजन उणे!

स्कॅनएफ हे सी भाषेतलं टाइप केलेलं वाचणारं फंक्शन; त्याला अक्षरांसाठीचं पर्सेंट-एस दिलं की ते पहिल्या स्पेसपाशी थांबतं. आडनाव बफरमध्ये, म्हणजे टाइप केलेलं वाचेपर्यंत थांबतं त्या जागेत, पडून राहतं. पुढचं स्कॅनएफ किलो मागतं, त्याला अंकाऐवजी आडनाव भेटतं, ते हात हलवत परत येतं, आणि वजनाच्या व्हेरिएबलमध्ये असेल तो कचरा छापला जातो. किती मूल्यं वाचली हे स्कॅनएफ दरवेळी परत सांगतं. मी विचारतच नव्हतो. चाचणी घेताना स्वतःचं नुसतं नाव टाकलेलं, म्हणून सगळं सुरळीत.

मी उलट स्ट्रॉबेरीवाल्यालाच सांगितलं, मध्ये स्पेस देऊ नका. तो म्हणाला, “सर, मग गिऱ्हाइकांना आडनाव घरी ठेवून या म्हणू का?”

मग अख्खी ओळ वाचणारं गेट्स हे फंक्शन वापरलं. दुसऱ्या पावतीपासून नावच कोरं. आधीच्या आकड्यानंतर दाबलेलं एन्टर बफरमध्ये उरलं होतं, गेट्सनं तेच ओळ समजून उचललं. त्यावर बफर रिकामा करायला एफफ्लश-स्टडिनचा लेप लावला. टर्बो सीत चाललं, म्हणून नोट्समध्ये चौकटीत छापलं. सीच्या मानकात एफफ्लश बाहेर जाणाऱ्या माहितीसाठी आहे, हे वाचायची तसदी कोण घेतो? आणि गेट्स तर समोरून किती अक्षरं येतील याला मर्यादाच घालत नाही. १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्रॅम युनिक्स यंत्रांत घुसला त्यातली एक वाट गेट्सचीच होती. मी ते पुढे कित्येक वर्षं बिनधास्त शिकवलं.

भुर्दंड बसला सांगलीला इंजिनिअरिंगला गेलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीला. प्रॅक्टिकलला समोर टर्बो सी नाही, लिनक्स. तिनं माझी चौकट जशीच्या तशी उतरवली, नाव कोरं आलं. परीक्षकांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? तिनं माझं नाव सांगितलं नाही. पुढे हे तिनंच मला हसत हसत सांगितलं. मला काही हसता आलं नाही.

एफगेट्सला जागेचा आकार सांगून अख्खी ओळ घ्यायची आणि आकडा त्यातून वेगळा काढायचा, काम एवढंच होतं. २०११ च्या मानकातून गेट्स काढून टाकलं. माझ्या नोट्सच्या झेरॉक्स मात्र वाईपर्यंत पोचल्यात. तुमच्याकडे असल्या तर ते चौकटीचं पान तेवढं फाडून टाका.