गच्चीवरील कीर्द

कुंडीत भाजीपाला पिकविण्याचा विचार मनात आला की मनुष्य प्रथम बाजारात जातो, आणि हिशेब तेथेच बिघडतो. रंगीत कुंड्या, पिशवीबंद माती, काथ्याचा भुसा, फवारणीचा पंप, बियाण्यांची चकचकीत पाकिटे आणि वर औषधांच्या दोन बाटल्या एवढे घरी येईपर्यंत दोन-तीन हजार रुपये सहज खर्ची पडतात. तीन महिन्यांनी हाती येतात ते दोन किलो टोमॅटो. पैशाला पैसा जोडून ज्या घरात व्यापार उभा राहिला, तेथे असा सौदा कोणी दुसऱ्यांदा करीत नाही. पेठेतील अनेक गच्च्यांवर पाण्याच्या टाकीमागे रिकाम्या कुंड्यांची उतरंड दिसते, तिचे कारण हेच.

सांगलीतील एका किराणा व्यापाऱ्याच्या गच्चीची गोष्ट निराळी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत चढले आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. या दुकानातील साखर विरघळली, डाळी कुजल्या, पोत्यांचा चिखल झाला. माल टाकून द्यावा लागला. उरले ते तेलाचे पत्र्याचे रिकामे डबे आणि कडधान्याची प्लॅस्टिकची पिंपे. मुलाने कर्ज काढून दुकान पुन्हा उभे केले, हिशेबासाठी संगणक आणला. त्यानंतर थोरल्या मालकांच्या, सारी पेठ ज्यांना अण्णा म्हणते त्यांच्या, कीर्द-खतावणीला काम उरले नाही. गल्ल्यावर बसावे तर गिऱ्हाईक मुलाकडे पाही, आणि वर बसावे तर दिवस सरत नसे. दिवाळीनंतर अण्णांनी डबे गच्चीवर नेले आणि एक कोरी वही उघडली.

पहिली नोंद वाचून मुलगा हसला. ‘डबे २६, पिंपे ४, भंगारभावाने दुकानाकडून खरेदी.’ घरचेच डबे घरालाच विकत कसे घ्यायचे, असा त्याचा प्रश्न होता. अण्णांचे उत्तर साधे होते : भंगारवाला जे देऊ करीत होता ते दुकानाचे उत्पन्न होते, ते बुडवून बाग फुकटात उभी राहिली असे म्हणणे हा खोटा जमाखर्च झाला. काटकसरीचे लेख वाचताना ही दृष्टी क्वचितच आढळते. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणणारे लोक टाकाऊची किंमत शून्य धरतात.

माती ही दुसरी मोठी बाब. पुराचा गाळ दारात पडलेला होता, पण त्यात गटारांचे पाणी आणि बुडालेल्या गोदामांतील नाना द्रव्ये मिसळलेली होती. अण्णांनी तो घेतला नाही. आप्तांच्या मळ्यातील काळी माती मिळाली. ती सुपीक असली तरी डब्यात एकटी चालत नाही. भिजली की चिकट गोळा होते, वाळली की तडकते. शिवाय तिचे वजन. तेलाचा पंधरा किलोचा डबा ओल्या मातीने भरला तर पंचवीस किलोच्या आसपास भरतो. असे चाळीस डबे म्हणजे एक टन. जुन्या घराच्या स्लॅबवर हे ओझे मध्यभागी ठेवणे हा अविचार ठरेल. म्हणून डबे भिंतीच्या कडेने, विटांवर मांडले गेले. तळाला खिळ्याने भोके पाडली, आणि अर्ध्या उंचीपर्यंत रसवंतीवरून आणलेली उसाची वाळकी चिपाडे व पालापाचोळा भरला. त्यावर काळी माती, थोडी वाळू आणि जुने शेणखत. चिपाडे कुजून खाली बसतात, तेव्हा दर हंगामाला वरून पुन्हा भर घालावी लागते. पण ती वजनाने हलकी असतात, ओल धरून ठेवतात आणि उसाच्या या मुलखात जवळजवळ फुकट मिळतात.

ही युक्ती अण्णांची नव्हे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे मूळचे गणिताचे अध्यापक. ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे त्यांनी तासगावकडील द्राक्षबागाईतदारांना नवी दिशा दिली, आणि ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक लिहिले. पिकाचे खरे भांडवल पानावर पडणारे ऊन होय, हा त्यांच्या विचाराचा गाभा. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे वापरून गच्चीवर भाजीपाला पिकवून दाखविला. अण्णांना यातील उन्हाची गोष्ट चटकन पटली. जागा दहा बाय पंधरा फुटांची. पण दोडका, कारले, घेवडा यांचे वेल दोरीवरून कठड्यावर चढविले की तेवढ्याच जागेत उन्हाचा गिऱ्हाईकवर्ग दुप्पट होतो, असे ते म्हणत.

बियाणे दुकानातूनच आले. मेथी, धने, राजगिरा, चवळी हे सारे किराण्याच्या फळीवर असते आणि जुने नसेल तर उगवते. धने मात्र हलके रगडून दोन दले वेगळी करावी लागतात. एका पाकिटाच्या किमतीत पावशेर धने येतात, ही गोष्ट किराणा व्यापाऱ्याला कोणी सांगावी लागत नाही. तरी पाकिटे विकत घेणारे व्यापारी आहेतच.

काय लावायचे हे माईंनी ठरविले. कांदा, लसूण, मुळा, गाजर, बीट यांचा प्रश्नच नव्हता. वांगेही घरात येत नाही. मेथी आणि पालक मुळासकट उपटायचे नाहीत, मातीपासून दोन बोटे वर कात्रीने कापायचे, हा दंडक त्यांचाच. पालक पुन्हा पुन्हा फुटतो. मेथी एकदा, फार तर दोनदा. बागकामाच्या पंचांगात जूनची पेरणी मोठ्या अक्षरांत असते, पण या घरात चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य, आणि अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चुलीवर चढत नाही. तेव्हा पावसाळ्यात वेलांवरील भाज्या व भेंडी, आणि पालेभाज्यांचा हंगाम कार्तिकी पौर्णिमेनंतर, असा क्रम लागला.

त्यात एक अडचण होती, ती वहीने दाखविली. अण्णा प्रत्येक तोडणी त्या दिवसाच्या मंडईभावाने जमा धरीत. डिसेंबरात मेथीची जुडी कवडीमोलाने विकली जाते. पाच डब्यांची मेहनत जमेला दहा-पंधरा रुपये दाखवी. उलट कढीपत्ता, हिरवी मिरची, पुदिना, लिंबू यांचे एकेक झाड रोज चिमूटभर देत राही, आणि वर्षाअखेर त्यांची बाजू सर्वांत भारी भरली. एप्रिल-मेमध्ये जुन्या साडीच्या सावलीत वाढविलेली थोडी कोथिंबीरही बरी पडली, कारण तेव्हा मंडईत ती महाग असते. सर्वांकडे माल असताना आपणही तोच माल काढणे हे पेठेत जितके तोट्याचे, तितकेच गच्चीवर. पुढल्या वर्षी मेथीचे डबे दोनवर आले. तेही केवळ नातवाला मेथीचे ठेपले आवडतात म्हणून.

खरा वाद निघाला तो मावा पडला तेव्हा. चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा दाटला. शेजाऱ्यांनी औषध सुचविले, कोणी पिवळे चिकट कागद आणून दिले. माईंनी दोन्ही परत केले. अण्णांनी शास्त्राचा आधार काढला : गृहस्थाला संकल्पी हिंसा वर्ज्य आहे; आरंभी हिंसा स्वयंपाकात, झाडलोटीतही घडते आणि ती टळत नाही; आणि भगवान ऋषभदेवांनी असि, मसि यांबरोबर कृषीही शिकविली. माई म्हणाल्या, “अहो, टळत नाही ती आरंभी. बाटली विकत आणून, झाकण उघडून, नेम धरून मारले तर त्याला संकल्पच म्हणायचे.” या युक्तिवादाला अण्णांकडे उत्तर नव्हते.

मग उपाय बदलले. शेणखत कमी केले, कारण अति खताने माजलेल्या कोवळ्या फुटीवर मावा अधिक येतो. लहान रोपांवर मलमलीचे जुने कापड ताणले. एका डब्यात मोहरी पेरली आणि तो डबा कोपऱ्यात ठेवला. मोहरीवर किडी धावतात, तो डबा त्यांचाच, तेथे कोणी हात लावायचा नाही. अळी दिसली तर पानासह उचलून त्याच डब्यात. भाजीची साले डब्यात घालण्यापूर्वी माई ती उन्हात कडक वाळवू लागल्या. गांडुळे विकत आणण्यास त्यांचा नकार होता; आपणहून आली तर राहोत. किडींचे खाणे थांबले नाही, कमी झाले. चवळीचा पाचवा हिस्सा तरी जात असे.

हा पाचवा हिस्सा वहीत कोठे दाखवायचा? अण्णांनी तो धर्मादाय खात्यात नावे टाकला. पूर्वी पेढीवर प्रत्येक व्यवहारामागे धर्मादाय निघत असे, तसाच हा जिवांचा वाटा, असे त्यांचे म्हणणे. माईंना ते मान्य नव्हते. धर्मादाय म्हणजे आपण होऊन दिलेले. हे तर आपल्या मनाविरुद्ध गेलेले, आणि जाताना आपण हळहळलोही. धान्यात जशी घट धरतात तशी ही घट. मोहरीचा डबा तेवढा धर्मादाय.

तोडगा निघाला तो असा : मोहरी शाईने धर्मादाय खात्यात, आणि बाकीचे पेन्सिलीने घट म्हणून. यंदा पाडव्याच्या पूजनाला दुकानातील छापील हिशेबाशेजारी ही वहीही ठेवली गेली. मुलानेच ती वरून आणली. तीन वर्षांत पत्र्याचे अकरा डबे गंजून गेले आहेत, त्यांची झीज लिहायची राहिली आहे. अण्णांनी स्वतःची मजुरी मात्र कोणत्याच वर्षी लावलेली नाही. मुलाने विचारले तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले, की मालक दुकानातून पगार घेत नसतो.