मपलं जपानी

जपान माझ्याकडे पहिल्यांदा आला तो वेणीतून. शिरूरच्या बाजारातून आई ‘लव्ह इन टोकियो’ आणायची. काळं रबर, दोन टोकांना दोन लाल मणी. एक मणी हातातून सुटला की टपकन कानशिलात बसायचा. १९६६ च्या सिनेमात आशा पारेखने लावलं म्हणून त्या रबराला ते नाव पडलं, हे फार पुढे कळलं. तोवर टोकियो ही केसाला बांधायचीच वस्तू होती.

मग मामाचा वॉकमन. जपान्यांनी तो १९७९ साली काढला. आमच्याकडे पोचला तेव्हा त्याचं झाकण रबरबँडने धरून ठेवलेलं होतं आणि आत वगाची कॅसेट.

खरी गाठ पडली पुण्यातल्या जपानीच्या क्लासात. पहिल्याच दिवशी उशीर झाला. बाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, “एसटी चुकल्ती.” मागचा बाक हसला. ‘चुकली होती’ म्हणायला हवं होतं. आमच्याकडे ‘माझं’ला ‘मपलं’ म्हणतात, हे मी त्या वर्गात शेवटपर्यंत कोणाला कळू दिलं नाही. जपानी मात्र आवडली. मुख्य कारण सांगायला थोडी लाज वाटते: त्या भाषेत आम्ही सगळेच सारखे अडाणी होतो. सदाशिव पेठही अडखळायची, शिरूरही.

आता लग्न होऊन दौंडात आहे आणि रांजणगाव एमआयडीसीत दुभाषी. पहाटे पावणेसहाला कंपनीची बस. चौफुला, केडगाव, पारगाव, भीमेचा पूल ओलांडला की शिरूर तालुका, म्हणजे माहेर, मग न्हावरे. ड्रायव्हरदादांची गाणी त्यांच्या आवाजात, माझी माझ्या कानात. सुरुवातीला मारिया ताकेउची ऐकायची, १९८४ चं ‘प्लॅस्टिक लव्ह’. या प्रकाराला सिटी पॉप म्हणतात. गाण्यात रात्रीचं चकचकीत शहर आणि आमची बस उसाच्या ट्रॉलीमागे अडकलेली, काचेवर पाचट उडतंय. तरी जमायचं. त्या बेस गिटारला ट्रॉलीचा वेग बरा मानवतो.

मग फुजिई काझे सापडला. १९९७ चा जन्म, ओकायामा प्रांतातल्या सातोशो नावाच्या लहानशा गावातला. बाराव्या वर्षापासून घरात पियानो वाजवून यूट्यूबवर टाकायचा. ओकायामा आपल्याला तसं परकं नाही. सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे बाग तिथल्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेली आहे. त्याचं पहिलं गाणं ‘नान-नान’, २०१९ चं. ते ऐकताना चौफुल्याच्या आसपास मी ताठ झाले. गडी स्वतःला ‘वाशी’ म्हणत होता! क्लासात ‘वाताशी’ शिकवलं होतं. ‘वाशी’ म्हणजे कार्टूनमधले पांढऱ्या दाढीचे आजोबा बोलतात, असं बाई म्हणाल्या होत्या. आणि हा विशीतला पोरगा, इतक्या देखण्या पियानोवर, सरळ गावाकडचं बोलतोय. मी गाणं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. वाशीच.

म्हणजे जपानीतही शिरूर होतं. इतकी वर्षं मला कोणी सांगितलं नव्हतं. थोडा रागही आला, खोटं कशाला बोला. माझी समान अडाण्यांची भाषा गेली. पण त्या दिवसापासून सिटी पॉप मागे पडलं ते पडलंच. २०२२ मध्ये काझेचं ‘शिनुनोगा ए-वा’ जगभर वाजलं. त्यातला ‘ए-वा’सुद्धा पुस्तकातला नाही, बोलीतला. लोकांनी अर्थ न कळता डोक्यावर घेतलं.

‘नान-नान’चा विषयही बघा कसला. समोरच्या माणसाच्या दातात हिरव्या शेवाळाची पूड अडकलीय, सांगावं की सांगू नये. प्रेमाची गाणी म्हणून आम्ही काय काय ऐकत आलो आणि हा दातापासून सुरुवात करतो.

परवा शेजारच्या सीटवरच्या ताईंनी एक इयरफोन मागितला. डबा उघडून त्यांचं बसमध्येच खाणं चाललेलं, बाजरीची भाकरी आणि मेथी. थोडं ऐकून म्हणाल्या, “काय म्हंतंय गं त्ये?” आणि माझ्याकडे बघून छान हसल्या. वरच्या दातांच्या मधोमध मेथीचं पान.

पारगावचा पूल आला, गेला. माझं अजून ठरत नव्हतं.