हिमात उभा ताड

ताडमाड म्हटले की खारी हवा आणि उन्हाचा चटका आठवतो. झावळीवर हिम साचते, असे कोणी सांगितले असते तर वसईच्या किनाऱ्यावर वाढलेल्या आम्हांला ते खरे वाटले नसते. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडील तिचीनो प्रांतात एका जानेवारीत आमचा मुक्काम होता, तेव्हा लुगानोच्या सरोवराकाठी ते दृश्य आम्ही पाहिले.

ताडाच्या कुळातील हा वृक्ष मूळचा चीनचा. पाने पंख्यासारखी, खोडाभोवती तपकिरी काथ्याचे दाट वेष्टन. चिनी शेतकरी त्या काथ्याची इरली करीत. रॉबर्ट फॉर्च्यून ह्या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाने 1849 साली त्याची रोपे लंडनच्या क्यू उद्यानाकडे धाडली; म्हणून शास्त्रीय नाव ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी. वाढलेले झाड उणे 15 अंशांच्या आसपासची थंडी काही काळ सोसते.

ह्या सोशिकपणाला दुसरी बाजूही आहे. पक्ष्यांनी नेलेल्या बियांतून तिचीनोच्या रानांत तो इतका माजला की, स्वित्झर्लंडने 1 सप्टेंबर 2024 पासून त्याची विक्रीच बंद केली. जेथे मुभा आहे तेथेही फळे पिकण्यापूर्वी फुलोरे काढलेले बरे.

तेथील माळी सांगत, कोरड्या थंडीपेक्षा ओल्या थंडीचे भय अधिक. ताडाला वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्याच्या गाभ्यात. तेथे पाणी साचून गोठले की कुजणे आलेच. म्हणून रोप निचऱ्याच्या जमिनीत, बोचऱ्या वाऱ्यापासून आडोशाला लावावे. कडाक्याच्या दिवसांत पाने वर बांधून गाभा कोरडा राखावा आणि हवा निवळताच बांधणी सोडावी. भुंग्याने गाभा पोखरला की माड गेला, हे वसईच्या बागाईतदाराला निराळे सांगावयास नको.

मात्र करपलेली पाने पाहून कुऱ्हाड चालविण्याची घाई करू नये. मधले, न उलगडलेले पान हलकेच ओढून पाहावे. ते घट्ट असेल तर झाड जिवंत आहे. सुटून हाती आले, तरी उन्हाळा सरेपर्यंत थांबावे. कधी कधी कित्येक महिन्यांनी नवे पान डोकावते.

धर्मग्रामात फिरताना एखाद्या तरुणाविषयी, 'फादर, तो आता वाया गेला,' असे आमच्या कानी येते. अशा वेळी आम्ही इतकेच विचारतो : पाने करपलेली दिसतात खरी, पण गाभा कोणी पाहिला आहे काय?