धावा

आपल्या भाषेने पळणाऱ्या माणसाचे फारसे कौतुक केलेले नाही. लढाईतून निसटतो तो पळपुटा, कायद्यातून निसटायची ती पळवाट आणि दिवाळीआधी घरोघर चालते ती धावपळ! शाळेत तर पळणे ही शिक्षाच होती. तेव्हा सत्तावन्नाव्या वर्षी मी पळण्याचे बूट विकत आणले, त्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी "कोण मागे लागलंय तुमच्या?" असे विचारले, यात नवल नाही.

मागे काय लागले होते, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते. माझे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. आणि मी तिसरा मजला चढून आलो, की दाराशी किल्ली शोधण्याचे निमित्त करून श्वास गोळा करीत उभा राही. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली, आणि गुरुपद धाकट्या मुलीने घेतले.

"बाबा, बोलता येईल इतक्याच वेगानं पळायचं," तिने बजावले. "मारुतिस्तोत्र म्हणा, मोठ्यानं. दोन ओळी एका दमात आल्या नाहीत तर वेग कमी करा."

शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची फेरी किलोमीटरहून थोडी अधिक भरते. तिच्यात मी एक मिनिट पळे आणि दोन मिनिटे चाले. एकदा एक आजोबा नुसते चालत मला मागे टाकून गेले, आणि जाता जाता "चालू द्या, चालू द्या," असा आशीर्वादही देऊन गेले.

नवखा माणूस बहुधा पहिल्याच दिवशी छाती फुटेपर्यंत पळतो, तिसऱ्या दिवशी घरी बसतो आणि पळणे आपल्या प्रकृतीला मानवत नाही, असे जन्मभर सांगत फिरतो. मानवत नाही तो वेग, पळणे नव्हे. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडे आणि स्नायुबंध मात्र सावकाशीने तयार होतात. म्हणून आठवड्यातून तीनच दिवस पळावे, मध्ये विसावा घ्यावा, आणि नडगी दुखू लागली तर सरळ चालावे. त्यात कमीपणा कसला?

दोनेक महिन्यांनी एका सकाळी स्तोत्र संपले तरी माझे पाय थांबले नाहीत. समुद्रावरून वारा येत होता, मैदानात पोरांचा चेंडू टप्पे घेत होता, आणि माझा श्वास तीन पावले आत, तीन पावले बाहेर असा आपोआप चालला होता. भीतीने घराबाहेर पडलेला मी त्या वेळी कशासाठीच पळत नव्हतो.

मला एकदम फार वर्षांपूर्वी वारीत पाहिलेला वेळापूरजवळचा धावा आठवला. तुकोबांना तेथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. माउलींची पालखी त्या उतारावर आली, की वारकरीही धावू लागतात. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या आजीबाई, पखवाज सावरणारे बुवा, सगळेच! पहिला कोण आला, हे तेथे कोणी विचारीत नाही. दमून थांबले, तरी चेहरा हसराच. आपल्या भाषेत पळण्याला एवढा एक चांगला शब्द आहे, आणि तो मला इतक्या उशिरा कळला!

गेल्या श्रावणात मला एकोणसाठावे लागले. घरात त्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. सौभाग्यवतींनी मात्र त्या दिवशी, काही सण नसताना, पुरण घातले.

तुम्हांला सुरुवात करायची असेल, तर नरकचतुर्दशीसारखा मुहूर्त नाही. नाही तरी त्या दिवशी तुम्ही अंधारात उठताच. फटाक्यांचा धूर उठण्यापूर्वी बाहेर पडा. एक मिनिट पळा, दोन मिनिटे चाला, असे सात वेळा करा. एकवीस मिनिटे होतात. तोवर घरी अभ्यंगाचे पाणी तापलेले असेल.