अडकित्ते, वज्री आणि जुने पितळ

रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तूही जपण्याजोग्या असतात, हे महाराष्ट्राला दाखवले दिनकर गंगाधर केळकरांनी. १९२० च्या सुमारास पुण्यात सुरू झालेला त्यांचा संग्रह वीस हजारांच्या घरात गेला. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभा राहिलेला हा ठेवा त्यांनी १९७५ मध्ये राज्य शासनाला दिला. त्यातले पितळी अडकित्ते खास निरखावेत: कुठे मोर, कुठे राघू, पाते मात्र सुपारी कातरणारे पोलादी. टाच घासायची साधी वज्री, पण कारागिराने तिलाही पशुपक्ष्यांचे देखणे रूप दिले.

रनाळ्यासारख्या खानदेशी गावांतल्या जुन्या घरांत अशा वस्तू माळ्यावर, फडताळात पडून असतात. त्या मोडीत घालू नयेत. चिंचेने घासून लख्ख करण्याचा मोहही आवरावा. हाताळणीने चढलेली झाक त्याने जाते. वस्तू कोणत्या घरातली, कशासाठी वापरली जाई, हे जाणती माणसे असतानाच टिपून ठेवावे.